पाच सेकंदांचा हिसका

७ जानेवारी

टिटवे,

आशीर्वाद नेहमीचे, ते पोचले असं धर. आता कामाचं.

गेल्या महिन्यात तू येऊन माझ्या कॉम्प्युटरवर तुमच्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवून गेलीस. तेव्हापासून माझं विमान हिसके देतं. सरळ उडत असताना चित्र अडतं, आणि मग एकदम पुढे गेलेलं दिसतं. काही हिसके बारीक, पापणी लवण्याएवढे. काही मोठे. काल लँडिंगच्या वेळी धावपट्टी समोर होती, पाचशे फूट उंची होती. चित्र अडलं, आणि सुटलं तेव्हा मी धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात नाक खुपसून बसलो होतो. शेत खोटं, विमान खोटं, पण अपमान खरा.

तुझी मामी म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. चौतीस वर्षं विमानांची मीटरं तपासली मी. टेबलावरून न उठता उंचीच्या मीटरांना रोज तीस हजार फूट वर नेऊन खाली आणलं. खऱ्या विमानाच्या पुढच्या खोलीत मला कुणी कधी बसू दिलं नाही, म्हणून तर निवृत्त झाल्यावर हा सिम्युलेटर घेतला. अंगण वाकडं की पाय वाकडा, एवढं मला कळतं.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर कारखान्यातल्या कॉम्प्रेसरने माझा डावा कान खाल्लाय, आणि दुसरं म्हणजे बिघाड तोंडी सांगायचा नसतो. मेल का नाही, तर तूच बजावलं होतंस की अपेक्षा नसलेली मेल उघडू नकोस. मला कुठल्याच मेलची अपेक्षा नसते, त्यामुळे मी एकही उघडत नाही. मग आपण तरी कशाला पाठवायची.

सोबत तक्ता जोडला आहे. तारीख, वेळ, उंची, वेग, हिसका बारीक की मोठा. मोठ्याची उंची आणि वेळ दर वेळी वेगळी आहे, हे मला खटकतं. यंत्र बिघडलं तरी शिस्तीत बिघडतं.

बाकी ठीक. नदीपलीकडची बस बंद झाल्यापासून मामीचं नाटकाच्या कपडेपटाचं काम माझ्या गाडीवर चालतं. सकाळी तिला नाट्यगृहात सोडतो, संध्याकाळी आणतो. हल्ली पूल लागला की हिला भारी गप्पा सुचतात. एरवी गाडीत बसल्या बसल्या पेंगणारी बाई, पुलावर मला भाजीचे भाव विचारते.

मामा


१५ जानेवारी

मामा,

तुझा तक्ता मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. आमच्या तक्रार विभागात लोक लिहितात, ‘चालत नाही’. एवढंच. काय चालत नाही हे विचारायला आम्हाला चार मेल कराव्या लागतात. तू वाऱ्याची दिशासुद्धा लिहिली आहेस.

कारण सोपं आहे. समज, इमारतीच्या दारात नवा रखवालदार ठेवला. प्रामाणिक आहे, पण कुणालाच ओळखत नाही. तुझं विमान पुढे जातं तसे पुढचे डोंगर, झाडं, घरं ते डिस्कवरून मागवत राहतं. प्रत्येक झाड दारातून आत येताना आमचा रखवालदार त्याची पिशवी उघडून बघतो. तोवर विमान ताटकळतं. तोच तुझा हिसका. उंची आणि वेळ वेगळी येते कारण झाडं सगळीकडे सारखी नसतात.

उपाय दोन. एक, सिम्युलेटरचा पूर्ण फोल्डर तपासणीतून वगळायचा. सेटिंगमध्ये ‘वगळलेले’ अशी यादी आहे, तिच्यात त्याचं नाव घाल. पायऱ्या वेगळ्या कागदावर लिहिल्यात. दुसरा उपाय सोपा, उडताना अँटिव्हायरस बंदच कर आणि उतरलास की चालू कर. लोक सर्रास तसंच करतात.

तुझ्या तक्रारीला मी रीतसर नंबरही दिलाय. आता ती सुटेपर्यंत मला गप्प बसता येणार नाही. मामीला म्हणावं, अंगणच वाकडं आहे.

तुझी टिटवी


२ फेब्रुवारी

टिटवे,

बंद करणार नाही.

आमच्या कारखान्यात एक नियम होता. संरक्षणाचं कुठलंही साधन बंद केलं की त्याच्यावर लाल चिठ्ठी लटकवायची. तिच्यावर बंद करणाऱ्याचं नाव, वेळ, कारण. आणि जो लावतो त्याने ती काढायची नाही; दुसऱ्या तपासनिसाने येऊन, पुन्हा बघून, मग काढायची. आपणच लावून आपणच काढायला लागला की माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो, असं आमचे थोरले तपासनीस म्हणायचे. निवृत्त होताना मी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घरी आणला. त्याला चोरी म्हणायची असेल तर म्हण.

तर मी फक्त फोल्डर वगळला, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मॉनिटरच्या कोपऱ्याला लाल चिठ्ठी लावली. मामीने वाचून विचारलं, ही कधी काढायची? म्हटलं, टिटवी येईल तेव्हा ती काढेल.

निकाल लिहितो. बारीक हिसके गेले, साफ गेले. डोंगरावरून जाताना लोण्यातून सुरी जावी तसं विमान जातं. त्याबद्दल तुझे आणि तुझ्या रखवालदाराचे आभार. मोठे मात्र राहिले. चौदा दिवसांत सात. प्रत्येक सुमारे पाच सेकंदांचा.

आणखी एक. सिम्युलेटरमध्ये उड्डाण पुन्हा बघायची सोय आहे. मोठा हिसका बसला की मी ते मागे नेऊन बघतो. पुन्हा बघताना हिसका दिसतच नाही. विमान त्या पाच सेकंदांत सुरळीत चाललेलं असतं, फक्त सुकाणू जिथल्या तिथे. कुणी धरलंच नसल्यासारखं. हे कसं काय?

घरी किरकोळ चालू आहे. दोनदा दूध उतू गेलं, मी समोर उभा असताना; विचारात होतो. गाडी फाटकाच्या खांबाला थोडी घासली. खांब आधीपासूनच बाहेर आलेला आहे.

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

बारीक गेले ना? मग आपण बरोबर वाटेवर आहोत.

पुन्हा बघताना हिसका दिसत नाही, त्यात नवल नाही. पुन्हा दाखवताना कॉम्प्युटर सगळं नव्याने रंगवतो, आणि तेव्हा झाडं आधीच आत आलेली असतात. मोठ्या हिसक्याचं कारण बहुतेक रोजची मोठी तपासणी. अँटिव्हायरस दिवसातून एकदा सगळी डिस्क उलथीपालथी करतो. त्याची वेळ बदलून सकाळची ठेव, तू मामीला सोडायला जातोस तेव्हाची. शिवाय ‘खेळताना व्यत्यय नको’ असं एक बटण आहे, ते दाब. आणि नवी आवृत्ती आपोआप घेणं बंद ठेव. हे शेवटचं का, ते विचारू नकोस. मी सांगते म्हणून ठेव.

कानाचं बघून घे. दूध उतू जाताना आवाज येतो.

तुझी टिटवी


६ मार्च

टिटवे,

सगळं केलं. तपासणी सकाळी साडेनऊला. बटण दाबलं. नवी आवृत्ती बंद. तिन्हींसाठी तीन लाल चिठ्ठ्या. मॉनिटर आता लग्नघरासारखा दिसतो, असं मामी म्हणते.

मोठे हिसके चालूच. अकरा. परवाचा तुला नीट सांगतो म्हणजे तुला पकडता येईल. समुद्राकडून डोंगरातल्या छोट्या धावपट्टीकडे येत होतो, नेहमीचाच मार्ग. वारा समोरून. पाचशे फुटांवर असताना मी डावा हात ————————— पाचशे फुटांवर असताना मी डावा हात इंजिनाच्या दांड्यावर ठेवला, वेग थोडा कमी केला, आणि धावपट्टीचे दिवे मोजले. चार पांढरे. पुढच्या क्षणी दिवेच नाहीत, काचेत नुसता डोंगर.

वरची रेघ पेन घसरल्याची आहे. कागद वाया घालवायची मला सवय नाही, म्हणून दुसरा घेतला नाही.

एक गोष्ट मला कबूल करायला हवी. या हिसक्यांचा मला राग येत नाही, भीती वाटते. पडद्यावरच्या विमानाची माणसाला भीती वाटू नये. तुझ्या मामीला हे सांगितलेलं नाही.

मामा


१४ मार्च

मामा,

आता तुला खरं सांगते, म्हणजे भीती जाईल.

चूक आमची आहे. डिसेंबरात आमच्या कंपनीने जी आवृत्ती पाठवली तिने हजारो मशिनं अशीच अडखळायला लागली. माझ्या एकटीच्या टेबलावर अकराशे तक्रारी आहेत. वरून हुकूम असा, की ग्राहकाला लिहायचं, ‘आपल्या यंत्राची क्षमता कमी पडते.’ मी तसं लिहीत होते. तुला तेवढं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. तुझ्या मशीनवर मी स्वतःच्या हाताने ती आवृत्ती बसवली होती. म्हणून तर तू पहिल्यांदा लिहिलंस तेव्हाच मला कारण माहीत होतं. तू तक्त्यावर तक्ते पाठवत होतास आणि मी मनात म्हणत होते, मामा, पुरे, गुन्हेगार माझ्या घरात आहे.

तेव्हा आता ऐक. आठवडाभर अँटिव्हायरस पूर्ण बंद कर, इंटरनेटची वायर काढून ठेव. वायर नसेल तर चोर कुठून येणार? चिठ्ठी लावायची तर लाव. हिसके थांबतीलच, म्हणून मी तुझी तक्रार आज ‘सोडवली’ म्हणून बंद केली आहे.

आणि दहा एप्रिलला मी चार दिवस येते. सकाळी साडेआठची गाडी. सामान बरंच आहे, मामीसाठी कापडांचे दोन गठ्ठे घेतलेत. तू कार घेऊन स्टेशनवर ये. पुलावरून जाऊ, मला नदी बघायची आहे.

पत्र लिहिता लिहिता झोपतोस का? ती रेघ केवढी लांब.

तुझी टिटवी


२ एप्रिल

टिटवे,

स्टेशनवर मी येणार नाही. टॅक्सी कर. का ते लिहितो, क्रमाने लिहितो, मध्ये घाबरू नकोस.

तू म्हणालीस तसं अँटिव्हायरस पूर्ण बंद केला, वायर काढली. चौथ्या दिवशी मोठा हिसका आला. सहाव्या दिवशी दोन. म्हणजे रखवालदार घरीच नव्हता आणि चोरी झालीच. तेव्हा मी जे जानेवारीतच करायला हवं होतं ते केलं. कारखान्यात कुठल्याही मीटरवर संशय आला की त्याच्या शेजारी दुसरं, खात्रीचं मीटर ठेवतात आणि दोन्ही एकदम बघतात. माझ्याकडे टेबलावरचं जुनं स्टॉपवॉच आहे, किल्लीचं, बशीएवढ्या तबकडीचं. ते मॉनिटरला टेकवून ठेवलं, आणि एक डोळा विमानावर, एक काट्यावर, असा उडत राहिलो.

तिसऱ्या दिवशी हिसका आला. विमान पुढे उडी मारून गेलं. त्याच वेळी स्टॉपवॉचचा काटा बावीसवरून अठ्ठावीसवर गेला. मधले आकडे त्याने घेतलेच नाहीत.

त्या घड्याळात वायर नाही, इंटरनेट नाही, तुमची आवृत्ती नाही. एक स्प्रिंग आहे.

तरी मी लगेच मानलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर बातम्या लावून बसलो. बाई म्हणाली, ‘उद्या दुपारनंतर’, आणि लगेच म्हणाली, ‘अशी शक्यता आहे’. मधलं वाक्य गेलं. विमान गेलं, काटा गेला, बाईचं वाक्य गेलं, सगळं एकदम. थोरले तपासनीस सांगायचे, दोन मीटरं एका वेळी एकच चूक करत नाहीत. करताना दिसली तर चष्मा पूस. पुसूनही दिसली तर घरी जा, आज तूच बिघडला आहेस.

चष्मा पुसला होता.

मग माझी उड्डाणांची वही काढून मागे गेलो. तू अँटिव्हायरस बसवलास डिसेंबरात. नोव्हेंबरच्या पानांवर दोन ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘लक्ष नव्हतं’. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझी चूक इतकीच, की एका बिघाडाच्या मागे दुसरा उभा होता आणि पहिला सापडल्यावर तू हात धुऊन मोकळी झालीस. कारखान्यात हे फार वेळा व्हायचं. माझ्या हातूनही झालंय. ते मनाला लावून घेऊ नकोस.

पण गाडीचं काय? रोज दोन वेळा तो पूल. पाच सेकंद म्हणजे त्या वेगाला पाऊणशे मीटर. मी मोजले. पुलावर माझ्या पुढे शाळेची बस असते. खांब बाहेर आलेला नव्हता, टिटवे.

परवा गाडीच्या किल्लीला लाल चिठ्ठी लावली. नावाच्या जागी माझं नाव. कारणाच्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून मोकळी सोडली. मामीला सांगितलंय की बॅटरी उतरली. बॅटरी किती दिवस उतरलेली राहू शकते? ती गेली बत्तीस वर्षं त्या कपडेपटात आहे, तिथे जायला दुसरं वाहन नाही, आणि गाडी ती चालवत नाही. मी थांबलो की तीही थांबली. हे तिला कसं सांगायचं ते ठरेपर्यंत तू फोन करू नकोस. ही विनंती आहे.

मामा


६ एप्रिल

मामा,

तुझी विनंती मी पाळली नाही. तुझं पत्र दुपारी मिळालं आणि चार वाजता मी मामीला फोन केला. सगळं सांगितलं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, परवा सकाळी अकरा. ही तुझ्या कानाची बाब नाही आणि वयाचीही नाही.

मी तीन महिने तुला बटणं दाबायला लावत होते. अकराशे माणसांना खोटं लिहिण्यात इतकी गुंतले होते की एक खरी तक्रार ओळखता आली नाही. रेघसुद्धा पाठवलीस तू. मी तिची थट्टा केली. मला माझी लाज वाटते, हे तुला लिहूनच सांगायचं होतं, कारण बिघाड तोंडी सांगायचा नसतो.

दहाला येते. टॅक्सीने.

टिटवी


८ एप्रिल

टिटवी बाळ,

हे पत्र मामी लिहिते आहे. हे डॉक्टरांच्या आतल्या खोलीत आहेत, डोक्याला तारा लावल्यात, अर्धा तास लागेल म्हणाले. मी बाहेर बाकावर. पर्समध्ये कपड्यांची मापं लिहायची वही होती, तिचाच कागद फाडलाय. मागच्या बाजूला सेनापतीच्या छातीचं माप आहे, ते वाचू नकोस. तू दहाला येशीलच, पण हे तोंडावर बोलणं मला जमणार नाही. म्हणून समोरच्या पेटीत टाकते.

तू फोनवर विचारलंस, मामी, तुला काहीच कसं कळलं नाही? मी ‘दूध ठेवलंय’ म्हणून फोन ठेवला. मला कळलं होतं. ऑक्टोबरपासून.

जेवताना घास हातात राहायचा. नजर समोर, पण समोरचं काही दिसत नसायचं. मी ‘अहो’ म्हटलं की हे परत यायचे आणि अर्ध्या राहिलेल्या वाक्यापासून पुढे बोलायचे. मला वाटलं, म्हातारपण असंच पावलं न वाजवता येतं. मग एकदा गाडीत झालं, पुलावरच. गाडी हळूहळू कठड्याकडे जायला लागली. मी ‘अहो, वांगी काय भाव होती?’ असं ओरडले. काय ओरडायचं ते सुचलंच नाही. हे म्हणाले, वांगी आणलीच नव्हती, आणि गाडी सरळ केली.

तेव्हापासून पुलावर मी बोलत राहते. आणि उजवा हात हँडब्रेकवर ठेवून बसते. ह्यांना वाटतं मी पर्स सांभाळते. पाच महिने, जाताना आणि येताना, मी तो हात एकदाही काढला नाही.

मग सांगितलं का नाही? ह्यांना वाईट वाटेल म्हणून, असं लिहिलं तर तुला पटेल, पण खोटं होईल. मी बोलले असते तर गाडी गेली असती, आणि गाडी गेली की माझा कपडेपट गेला. मला ह्यांच्यापेक्षा त्याची भीती जास्त वाटली. पुलावर दुसरी माणसंही असतात, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं. ह्यांनी बॅटरी उतरली म्हणून सांगितलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन रडले. बॅटरी उतरलेली नाही हे मला ठाऊक होतं. किल्लीवरची चिठ्ठी मी आदल्या दिवशीच वाचली होती.

कारणाची जागा मोकळी होती. तिथे काय लिहायचं ते मलाही सुचलं नाही.

दार उघडलं. बाकीचं आलीस की.

मामी


२० जून

मामा,

गोळ्या वेळेवर घेतोस, हे मामीकडून कळलं. गेल्या सहा आठवड्यांत एकही हिसका नाही, हेही कळलं. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

इथली बातमी. त्या अकराशे जणांना मी एकेक करून खरं कारण लिहायला घेतलं. दोनशे चाळीसपर्यंत पोचले तेव्हा वरून बोलावणं आलं. ओरडा खाल्ला, नोकरी राहिली, विभाग बदलला. आता मी नव्या आवृत्त्या बाहेर जाण्याआधी तपासते. माझ्या टेबलावर तुझ्या लाल चिठ्ठ्यांपैकी दोन आहेत, एप्रिलमध्ये उचलून आणल्यात. आपली चोरी फिटंफाट.

एक काम उरलंय. तुझी तक्रार मी ‘सोडवली’ म्हणून बंद केली होती, ती पुन्हा उघडली आहे. नीट बंद करायची तर ‘कारण’ असा रकाना भरावा लागतो. तिथे काय लिहू?

तुझी टिटवी


१९ सप्टेंबर

टिटवे,

उत्तराला उशीर झाला. हाताशी काम होतं.

आधी रकाना. लिही: ‘साधन निर्दोष. वापरणारा दुरुस्तीस पाठवला.’ हेच मी किल्लीच्या चिठ्ठीवरही लिहिलं.

डॉक्टर म्हणतात, ही फिटच, फक्त हातपाय न झाडता येणारी. मेंदूतली वीज क्षणभर वाट चुकते. माणूस उभाच असतो, पण हजर नसतो. गोळ्यांनी थांबली आहे. गाडी वर्षभर नाही, पुढचं पुढे बघू. मी विचारलं, विमान? ते म्हणाले, चालवा की, खाली कुणी राहत नाही. त्यांनी माझं स्कॅनही केलं. तुमच्यापेक्षा त्यांची पद्धत बरी. काम चालू असताना तपासत नाहीत, माणसाला आधी आडवं करतात.

मामीने तुला डॉक्टरांच्या बाकावरून पत्र लिहिलं होतं, ते तिने मला जुलैत सांगितलं. हँडब्रेकचंही सांगितलं. मी दोन दिवस माझा चहा माझा मीच करून घेतला. राग तिचा होता की माझा, ते अजून नीट कळलेलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, इतके महिने तो ब्रेक धरून बसलीस, तर गाडीच शीक. ती म्हणाली, साठाव्या वर्षी? म्हटलं, मी साठाव्या वर्षी विमान शिकलो.

आधी तिला सिम्युलेटरवरच बसवलं. दोनदा समुद्रात गेली आणि एकदा एका गोठ्यात, पण पुलावर शिकण्यापेक्षा ते स्वस्त. मग गाडी शिकवणारी बाई लावली. तोवर नाट्यगृहाने काम घरी पाठवलं होतं. चार महिने आमच्या बैठकीत हँगरवर सहा राजे आणि एक शिपाई राहायला होते. मागच्या महिन्यात मामीला लायसन्स मिळालं. पहिल्या खेपेला नापास झाली, हे तिने तुला सांगितलेलं नसेल, तर मीही सांगितलेलं नाही.

आता ती चालवते, मी शेजारी बसतो. निघण्याआधी मी यादी वाचतो: आरसे, पट्टा, गियर, ब्रेक. ती एकेकाला ‘हो’ म्हणते. तिच्या मते हे नाटक आहे. पण ती नाटकवालीच, म्हणून चालवून घेते. किल्लीवरची चिठ्ठी अजून तशीच आहे. तिच्यावर नाव माझं असल्याने ती तिला लागू नाही, असं आम्ही ठरवलं. वर्ष झालं की तू येऊन बघ आणि काढायची की नाही ते ठरव. मी लावलेली मला काढता येत नाही.

काल पुलावर गंमत झाली. गंमत तरी कशी म्हणू. पूल लागला, नदीवर थोडं धुकं होतं, पुढे ती शाळेची बस. मामी काहीच बोलत नव्हती. मला ते सहन होईना. मी तिला भाजीचे भाव विचारले. तिने सांगितले, सगळे, एकेक करून. मग पुलाच्या मध्यावर तिने खाली बघितलं, तेव्हा मला कळलं की माझा हात हँडब्रेकवर आहे. कधी गेला, मला ठाऊक नाही.

मामीने नजर पुन्हा रस्त्यावर नेली. म्हणाली, “हात काढा तो. मी आहे इथे.”

मामा